खो मिळाल्यावर उठायचं असतं

दिल्लीच्या द्वारकेतल्या सोसायटीच्या बागेतून भानुमतीबाई घामाघूम होऊन आल्या आणि तशाच सोफ्यावर आडव्या झाल्या. चांगला दीड तास खो-खोची प्रॅक्टिस झाली होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी, फरीदाबादच्या मराठी बायकांशी सामना होता, आणि सरकारी कचेरीत सेक्शन ऑफिसर असलेल्या, सत्तावन्न वर्षांच्या भानुमतीबाई द्वारका संघाच्या कर्णधार होत्या.

"आई, स्ट्रेचिंग केलंस ना?" अक्षयानं विचारलं. लेक दिल्लीतच वाढलेली, रोज जिमला जाणारी.

"मला नाही वेळ आळोखेपिळोखे द्यायला."

"आळोखे... ये क्या होता है?"

"तेच तुझं स्ट्रेचिंग! आम्ही कराडला खेळ संपला की दप्तर उचलायचो आणि घरी पळायचो. काही झालं नाही कुणाला."

कराडचं मैदान अक्षयाला तोंडपाठ होतं. पाणी मारलेली माती, लाल रिबिनी आणि भानू घाटगेचं नाव ऐकताच गारठणाऱ्या दुसऱ्या शाळेच्या मुली.

रविवारी सकाळी बाई भिंत धरून उठल्या. मांड्यांत जणू लाकडं भरली होती. पण लेकीला कळू दिलं तर मग कसली भानू घाटगे! मैदानात त्या ओठ आवळून चौकात उकिडव्या बसल्या. बसणं जमलं, तेव्हा त्यांना हायसं वाटलं.

शिट्टी झाली. संघातली देवयानी फरीदाबादच्या विजयालक्ष्मीबाईंच्या मागे धावली आणि भानुमतीबाईंच्या पाठीवर थाप मारून ओरडली, "खो!"

बाई उठल्या नाहीत.

"काकू, खो!"

"ऐकलंय गं! उठतेय ना!"

मागे देवयानी जागा मिळायची वाट बघत उभी, समोर तीन हातांवर विजयालक्ष्मीबाई. पंच विनायकराव घड्याळ बघत म्हणाले, "चलो मॅडम, चलो!" नेमकी तेव्हाच भानुमतीबाईंना लताबाई आठवल्या, शाळेच्या खेळाच्या बाई. रोज खेळ संपल्यावर त्या सगळ्यांना पाय ताणायला लावायच्या. 'ही पाच मिनिटं झाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही.' बेचाळीस वर्षं भानुमतीबाईंनी मनात मैदान जपलं होतं, रिबिनी जपल्या होत्या, तेवढी पाच मिनिटं मात्र विसरल्या होत्या. डोळ्यांत पाणी आलं, ते आठवणीनं की पोटरीत आलेल्या गोळ्यानं, कोण जाणे.

"अहो, द्या हात," विजयालक्ष्मीबाईंनी पुढे होऊन हात दिला आणि त्यांना उभं केलं.

विनायकरावांनी जोरात शिट्टी फुंकली. "हात लागला! बाद!"

एकच गलका झाला. द्वारकेच्या बायका नाचायला लागल्या, फरीदाबादवाल्या पंचांवर धावून गेल्या. प्रेक्षकांत अक्षया टाळ्या पिटत होती. भानुमतीबाई मात्र पंचांकडे वळल्या.

"नाही हो, विनायकराव! हा गडी मी मारलेला नाही. त्यांनी मला उठवलं. मला नको असला गुण!"

विजयालक्ष्मीबाईंनी त्यांचा हात घट्ट दाबला आणि कानाशी लागून म्हणाल्या, "बाई, पाया पडते, गप्प बसा. कालच्या प्रॅक्टिसनं माझेही पाय गेलेत. कधीची उभी आहे तुमच्यासमोर, बाद करा म्हणून!"