माशाच्या तेलाचे गांगुर्डे काका

आमचे शेजारी गांगुर्डे काका कोणी भेटलं की आधी त्याचा हात हातात घेत आणि बोटांची पेरं दाबून बघत. "सुजलंय. आत जाळ हाय," असा निकाल देऊन लगेच विचारत, "माशाचं तेल घेता का?"

पंचाहत्तर सालच्या सुमाराला पंचवटीत आम्ही भिंतीला भिंत लागून राहत होतो. काका ओझरच्या कारखान्यात फिटर. "बेअरिंग गरम झालं की तेल मागतं. मग गुडघ्यानं काय पाप केलंय?" असं त्यांचं शास्त्र. रोज सकाळी दोन चमचे तेल पिऊन ते कामाला निघत. त्या वासाने कारखान्याच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी कोणी बसत नसे. "अख्खी सीट आपली. मान हाय, सर!" असं वर मलाच ऐकवत. गल्लीतल्या पूजा सांगणाऱ्या गुरुजींनाही त्यांनी सोडलं नाही. "डोळे मिटून घ्या, देवाला नाय कळणार!"

काकूंना संधिवात होता. सकाळी त्यांची मूठ उघडत नसे. वर्षभर त्याही तेल घेत होत्या आणि सूज जरा उतरलीय, असं काका गल्लीभर सांगत होते.

मी तेव्हा शाळेत नुकताच विज्ञान शिकवायला लागलो होतो. एका रविवारी त्यांच्याकडे चहाला बसलो असताना काकूंनी विचारलं, "सर, तुम्ही शिकलेले. याने खरंच गुण येतो का हो?"

मला हुशारी दाखवायची होती. "पोटात गेलेलं तेल पचून जातं, काकू. ते सांध्यात जाऊन वंगण होत नाही. सगळं थोतांड आहे."

काका नुसते हसले. दुसऱ्या दिवसापासून काकूंनी तेल सोडलं आणि काकांनीही. मला नवल वाटलं.

"मला कुठं काय दुखतंय?" ते म्हणाले. "तिला वास सोसत नव्हता. एकटीनं कसं प्यायचं? म्हणून मी संगतीला."

पुढे काकूंची बोटं वाकडी होत गेली. कामावर जाण्याआधी काका त्यांची वेणी घालत. ती तिरपी यायची. काकू तशीच मिरवत बाजारात जायच्या. मग एका पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या.

आणखी काही वर्षांनी माझ्या बायकोचे सांधे सुजले. डॉक्टरांनी गोळ्यांसोबत माशाचं तेल लिहून दिलं. मी चमकून बघितलं. "याने संधिवात बरा होत नाही," ते म्हणाले, "पण शरीरातला दाह थोडा कमी होतो. काहींची सूज उतरते."

मी तडक काकांकडे गेलो. माफी मागायची होती.

"काका, मी चुकलो होतो," म्हणत सगळं सांगितलं.

"सर, हे नको होतं सांगायला," काका म्हणाले. "तेलाचा उपयोगच नव्हता, हा तुमचा शब्द धरून मी एवढे दिवस काढले."

काका उठले आणि माझ्यासाठी चहाचं आधण ठेवायला आत गेले.