सहा सातांची नोट

केशोरीच्या डोमाजीने मला फसवलं. धानाच्या व्यापारात मी शून्यातून उभा राहिलो. मला फसवणारा अजून जन्मायचा आहे, असं मीच सांगत फिरायचो. तो जन्मलेला होता आणि माझ्या शेजारीच राहत होता.

हा म्हातारा नोट हाताने धरत नसे, चिमट्याने धरायचा. बाजारात भाजीवाली चिडायची, "काऊन जी, माही नोट का निखारा आहे?"

घरात प्लास्टिकच्या पाकिटांत जुन्या नोटा. "जुनी आहे म्हनून कोनी पुसत नाई जी. घडी नको, टाचनीचं भोक नको, अन् नंबर चारचौघांसारखा नको." मी एकदा चुरगळलेल्या जुन्या शंभराला पाणी शिंपडून इस्त्री केली आणि ऐटीत त्याला दाखवली. तो ताडकन उठला. "जीव घेतला ना भाऊ नोटीचा!" इस्त्रीने नोटेचा मूळचा कडकपणा मरतो म्हणे. आठवडाभर बोलला नाही.

त्याचा जीव मात्र दोन रुपयांच्या एका नोटेत होता. मागे वाघ, नंबरातले सहाही आकडे सात. दहा वर्षं मी मागितली, त्याने दिली नाही. यंदा उन्हाळ्यात स्वतःच दारात आला. "घेता का जी? बारा हजार."

मी नोट उजेडात धरली. टाचणीचं बारीक भोक दिसलं. "तुमचाच नियम, डोमाजी. पाच."

तो गेला. चार दिवसांनी आला, दहा म्हणाला. मग आठ. गरजू माणूस मला दुरूनच ओळखू येतो. मी हललो नाही. महिनाभराने त्याने ती पाचला दिली. "भोक तं आहेच," म्हणाला. मी घरी पेढे नेले.

पंधरा दिवसांत चिचगडला दिलेली त्याची एकुलती एक मुलगी वारली. मी भेटायला गेलो, तर जावई सांगू लागला, "ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकलली. मामाजी म्हनत, नोट विकून राहिलो, थांबा."

मी तिथेच ओरडलो, "काऊन नाही सांगितलं? पहिल्याच दिवशी बारा मोजले असते!"

डोमाजी खाली बघत म्हणाला, "तुमी नोटीचा भाव करून राहिले होते जी. त्याच्यात पोरीचं कसं काढू?"

आता तुम्हीच सांगा, हा व्यवहार झाला? मालातला दोष कबूल करायचा आणि विकायचं कारण गिळून बसायचं? मला महिनाभर घासाघीस करू द्यायची? डोमाजीने याचा जाब द्यायलाच हवा. तो देत नसेल तर दुसऱ्या कुणी द्या. पण कुणीतरी द्या.