शेळीने खाल्लेला पश्चात्ताप

भोरच्या शाळेतून पेन्शनीत निघालेल्या आनंदराव मास्तरांचं नाव ठेवताना आईबापांनी जरा घाईच केली होती. आनंदात त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तर संतापायला कारणही होतं. संध्याकाळी वाचनालयात 'रिमोर्स', म्हणजे पश्चात्ताप, या इंग्रजी शब्दाच्या कुळकथेवर त्यांचं व्याख्यान होतं, अध्यक्ष संस्थानचे कारभारी होते, आणि व्याख्यानाचे कागद अंगणात कोंडिबा धनगराची शेळी खात होती.

"कोंडिब्या, पश्चात्ताप होतोय का तुला?"

"खाल्लं शेळीनं, मास्तर. मला कसा हुईल?"

"काय खाल्लं ठाऊक आहे? रिमोर्स. लॅटिनात मोर्देरे म्हणजे चावणं, री म्हणजे पुन्हा. केलेलं पाप आतून पुन्हा पुन्हा चावतं. तो शब्द फ्रेंचांनी उचलला, त्यांच्याकडून इंग्रजांनी. मधे काही काळ त्याचा अर्थ दया असाही होता. ती तुलाही नाही आणि तुझ्या शेळीलाही नाही."

शेळी खाली बसून शांतपणे रवंथ करू लागली. आळी गोळा झाली. माणसं वाढली तसा मास्तरांचा आवाज चढला, आणि सबंध व्याख्यान अंगणातच फुकट होऊन गेलं.

"संध्याकाळी सभेत सगळ्यांदेखत माफी मागायची. नाहीतर शेळी कोंडवाड्यात."

"येतो," कोंडिबा म्हणाला. त्याच्याकडे दुभती अशी ती एकच होती.

गर्दी पांगल्यावर अंबूबाई दारातून नवऱ्याला म्हणाल्या, "पानं चिकटवायला काल माझ्याकडून कणकेची खळ कुणी नेली?"

"मी."

"ती पानं वाळायला अंगणात कुणी ठेवली? दूध घ्यायला कोंडिबाला हाक कुणी मारली?"

मास्तर कणकेवर संतापले, मग उन्हावर, मग अंबूबाईंवर. दुपारी जेवण गेलं नाही. आत काहीतरी कुरतडत होतं. ते पित्त असावं, असं त्यांनी ठरवलं.

संध्याकाळी वाचनालय गच्च भरलं. रिमोर्स सगळ्यांचा ऐकून झाला होता. लोक माफी ऐकायला आले होते. पुढेच कोंडिबा पागोटं हातात घेऊन उभा होता.

"खाली बस," मास्तर खेकसले. "विषय बदलला आहे. आजचा शब्द 'अँगर'. अँगर म्हणजे राग. पण उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी तो इंग्लंडात नेला, तेव्हा त्याचा अर्थ..." मास्तरांनी उगाचच घसा खाकरला. "दुःख, असा होता. हे सर्वांनी लक्षात घ्यावं. विशेषतः पुढे बसलेल्यांनी."

कोंडिबानं पागोटं पुन्हा डोक्यावर चढवलं.

"घेतलं, मास्तर. सकाळी तुमाला लईच दुःख झालं हुतं."