तीन मिनिटं चाळीस

मागच्या वर्षी एका रविवारी माझं आणि बायकोचं भांडण झालं. ते संपतंय तोच बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधले साळुंखेकाका. म्हणाले, "नऊ मिनिटं. गेल्या वेळी चौदा होती. सुधारणा आहे. मोजलंय मी."

काका बेलापूरच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि आमच्या सीवूड्सच्या सोसायटीचं नशीब फुटलं. लिफ्ट सातव्या मजल्यावर यायला किती वेळ घेते, वॉचमन गेट उघडायला किती, आमचा कुकर तिसरी शिट्टी कधी देतो, सगळं ते मोजतात. वाद घालायची सोय नाही. "मोजलंय मी" म्हटलं की विषय संपला.

मोजायचं हत्यार म्हणजे एक मनगटी घड्याळ. पस्तीस वर्षांपूर्वी काकांनी गाडी घेतली, तेव्हा गाडीच्या कंपनीनं भेट दिलेलं. चावीचं, तबकडीवर कंपनीचं नाव, आणि स्टॉपवॉचचा लाल काटा. काकू गेल्यावर त्यांनी गाडी विकली, घड्याळ राहिलं; पण लाल काट्याला हात न लावता ते साध्या सेकंदकाट्यावरच मोजायचे. पुढे तेही बंद पडलं. तेव्हापासून काका तोंडानं मोजतात, तेही मोठ्यानं. म्हणून मीच म्हटलं, चला, दुरुस्त करून आणू. हीच माझी चूक.

वाशी झालं, नेरूळ झालं, ठाणेसुद्धा झालं. पेट्रोल माझं, सुट्टी माझी. काकांची अट एकच. स्टॉपवॉच तीन मिनिटं चाळीस सेकंदांवर थांबलंय, ते शून्यावर न्यायचं नाही. प्रत्येक कारागीर सांगायचा, काटे काढल्याशिवाय आत हात घालता येत नाही. काका घड्याळ उचलून चालू लागायचे. फोटो काढून ठेवू म्हटलं, तर दिवसभर बोलले नाहीत.

चौथ्या दुकानाबाहेर माझं डोकं फिरलं. म्हटलं, काका, एका काट्यासाठी माझे चार रविवार गेले, आता पुरे.

काका शांतपणे म्हणाले, "हिनं गाडी शेवटची पार्क केली ना, तेव्हाचं आहे ते. रिव्हर्स घेताना नेहमी घाबरायची. मी बाजूला उभा राहून मोजायचो आणि हसायचो. त्या दिवशीही हसलो. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटल, आणि मग परत आलीच नाही."

मला माझीच लाज वाटली. शेवटी काकाच म्हणाले, बंद घड्याळ ठेवलेलं तिलाही आवडलं नसतं. आम्ही परत आत गेलो. काटा शून्यावर नेणारं बटण त्यांनी स्वतः दाबलं, दुसरीकडे बघत.

महिन्याभरानं घड्याळ चालू होऊन आलं. त्या संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, तर पार्किंगमध्ये काका घड्याळ घेऊन उभे. म्हणाले, लाव गाडी.

मी रिव्हर्स घेतली. पुन्हा पुढे. पुन्हा रिव्हर्स. खांब दिसत नसल्यासारखं केलं. एकदा उतरून मागचं चाकही बघून आलो.

"चार मिनिटं दहा," काका म्हणाले. मग घड्याळावरची नजर काढून माझ्याकडे बघत राहिले. "तुला रोज दीड मिनिट लागतं. मोजलंय मी."

मी काचा वर करायला लागलो.

"पण आजचं चार-दहाच धरू," ते म्हणाले. "हिच्यापेक्षा तीस सेकंद जास्त."