दोन्ही बाजूंचा केक

दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना एकमेकांशी लग्न करू द्यावे की नाही, हा प्रश्न आयर्लंडच्या सरकारने २०१५ च्या मे महिन्यात जनतेपुढे मताला टाकला, तेव्हा ‘ड्रुमकॅरिक एको’ या साप्ताहिकाने आपली भूमिका पहिल्याच पानावर चौकटीत जाहीर केली. भूमिका अशी होती, की या विषयावर साप्ताहिकाला भूमिका नाही.

संपादक युजीन ग्लिसन यांनी भूमिकेचा धसकाच घेतला होता. एके वर्षी हर्लिंग या तिकडच्या मैदानी खेळाच्या अंतिम सामन्यानंतर त्यांनी फक्त जिंकलेल्या संघाचा फोटो छापला, आणि हरलेल्या अर्ध्या परगण्याने वर्षभर त्यांच्या पेपरात मासे गुंडाळायलाही नकार दिला. तेव्हापासून चहा घेणार की कॉफी असे विचारले, तरी ते दोन्ही बाजू ऐकून सांगतो म्हणत. मतदानाच्या काळात रेडिओवर दोन्ही पक्षांना सारखा वेळ द्यावा लागतो. छापील कागदाला असा काही नियम नव्हता. पण नियम आपल्याला लागू नाही असे म्हणणे ही एक भूमिकाच झाली असती, म्हणून ग्लिसनसाहेबांनी तो आपणहून लावून घेतला. तो पाळला जातो की नाही हे पाहायला जाहिरात विभागातल्या अट्रॅक्टा मुल्डून यांची संतुलन अधिकारी म्हणून नेमणूक झाली. अट्रॅक्टाबाईंचा जन्म स्टीलच्या पट्टीने जाहिरातींची जागा मोजण्यात गेला होता. आता त्याच पट्टीने मते मोजायची, एवढाच फरक.

याची झळ बातमीदारांना फारशी लागली नाही. ती लागली मालाखी ट्वोमीला. मालाखी ‘एको’साठी दर आठवड्याला एक व्यंगचित्र काढी. त्याचा नेहमीचा विषय म्हणजे रस्त्यावरचे खड्डे, आणि खड्ड्यांना सहसा दुसरी बाजू नसते.

मालाखी बंद पडलेल्या औषधाच्या दुकानावर राहत असे. त्याच्याबरोबर कॉल्म हेव्हरिन राहत असे. कॉल्म गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवी. गेल्या पंचवीस वर्षांत ड्रुमकॅरिकमध्ये त्याच्या ऑर्गनशिवाय एकही लग्न लागले नव्हते. दोघांच्या घरात झोपायची खोली एकच होती, आणि गावातल्या प्रत्येकाने या ना त्या निमित्ताने ती पाहिलेली होती. तरी गाव कॉल्मला मालाखीचा भाडेकरूच म्हणे. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ तर सगळ्या गावाने मिळून झाकली होती.

“निकाल आपल्या बाजूने लागला तर मी तुला मागणी घालणार आहे,” कॉल्म एका सकाळी टोस्टला लोणी लावता लावता म्हणाला. “आधीच सांगून ठेवतो. त्या वेळी जरा आश्चर्य वाटल्यासारखं कर.”

“आणि नाही लागला तर?”

“तर भाडं वाढव.” मग कॉल्मने सुरी खाली ठेवली. “पण माझी एक अट आहे. मतदानाआधी एकदा तरी पेपरात आपलं चित्र काढ. मी बघतो ना जगभरची व्यंगचित्रं! आपल्यासारखी माणसं म्हणजे काय, तर दोन गुळगुळीत पोरगे, एकसारखे सूट घालून केकवर उभे. नाहीतर इंद्रधनुष्यावरून घसरतायत. अरे, मी आयुष्यात केकवर उभा राहिलेलो नाही. माझं पोट बघ, केक टिकेल का? आपण आहोत तसे काढ. गावाला एकदा दिसू दे.”

मालाखीने शब्द दिला. देताना त्याला संतुलनाची कल्पना नव्हती.

पहिल्या आठवड्यात त्याने केकच काढला, कारण संपादकांनी केकच मागितला. विषय लग्नाचा आहे हे वाचकाला लांबूनच कळले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. केकवर दोन नवरे, आणि शेजारी मेणबत्ती विझवायला वाकलेला एक बिशप. अट्रॅक्टाबाईंनी पट्टी लावली.

“दोन नवरे आणि एकच बिशप. हे दोनास एक होतंय, मालाखी.”

“मग काय करू?”

“अजून एक बिशप घाल.”

घातला. पण दोन बिशप शेजारी शेजारी उभे राहिल्याबरोबर नवीनच अडचण आली. ते जोडपे दिसू लागले. तेव्हा एका बिशपच्या जागी वधू आणली, तर बिशप आणि वधू हे जोडपे दिसू लागले, आणि ग्लिसनसाहेबांनी स्वतःच्या हाताने ते खोडले. शेवटी दोन केक ठरले. एकावर दोन नवरे, दुसऱ्यावर नवरा-नवरी. उंची सारखी, थर सारखे, साखरेची फुले मोजून सारखी. अंक निघाला आणि तक्रारी आल्या. विरोधकांचे म्हणणे, आमची वधू चकणी काढली आहे. समर्थकांचे म्हणणे, आमच्या केकचे क्रीम वितळलेले दिसते. ग्लिसनसाहेबांना त्यातल्या त्यात एवढेच समाधान, की तक्रारी दोन्ही बाजूंनी सारख्याच आल्या होत्या.

पण मालाखी स्वतः कुठल्या बाजूचा, हा किडा त्यांच्या मनात वळवळला तो वळवळलाच. त्यांनी मालाखीला खोलीत बोलावले आणि दार लावले.

“मालाखी, आता हे मी संपादक म्हणून विचारतोय, माणूस म्हणून नाही. या विषयात तुझा व्यक्तिगत संबंध आहे का?”

“युजीन, तू दर नाताळला आमच्याकडे जेवतोस.”

“मी तिथे माणूस म्हणून जेवतो. इथे मला काही माहीत नाही. आहे का संबंध?”

“आहे.”

ग्लिसनसाहेबांनी डोक्याला हात लावला. “अरे, ‘नाही’ म्हणायचं होतंस! आता तू म्हणालास, म्हणजे मी ऐकलं. आणि ऐकलं म्हणजे मला काहीतरी करावं लागणार.”

त्यांनी जे केले ते तर्काला धरूनच होते. व्यंगचित्रकार एका बाजूचा निघाला. आता दुसऱ्या बाजूचा व्यंगचित्रकार हवा. गावात चित्रे काढू शकणारे विरोधक एकच होते, शाळेतले निवृत्त चित्रकलेचे मास्तर फिन्टन कीन. कीनमास्तर विधुर होते, तत्त्वाचे पक्के होते, आणि मालाखीला पेन्सिल धरायला त्यांनीच शिकवले होते. चौकट मधोमध उभी चिरायची, डावी बाजू मालाखीची, उजवी मास्तरांची, असे ठरले.

मग प्रश्न आला मधल्या रेषेचा. ती कुणी काढायची? दोघांनी मिळून. मिळून काढायची तर एका टेबलावर बसायला हवे, एका दिव्याखाली. एक रुसून निघून गेला तर संतुलन गेलेच, म्हणून वकिलाकडून करार करून घेतला: मतदान होईपर्यंत दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला सोडून जाणार नाही, एक आजारी पडल्यास दुसरा त्याची बाजू सांभाळील, सुखदुःखात, म्हणजे कौतुकात आणि तक्रारीत, दोघांचा वाटा सारखा राहील, आणि चित्राखाली नाव ‘ट्वोमी-कीन’ असे जोडून लागेल. सह्या दोन साक्षीदारांसमोर झाल्या. अट्रॅक्टाबाईंनी चहाबरोबर मनुक्यांचा केक कापला. ग्लिसनसाहेबांनी दोघांचे हात हातात घेतले आणि सवयीने म्हणाले, “अभिनंदन.”

कॉल्मला हे कळले तेव्हा तो खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. “म्हणजे तुझं लावून दिलं की रे! तेही मास्तरांशी! आणि गावातलं हे पहिलं लग्न, जिथे मला वाजवायला बोलावलं नाही!”

“हसू नकोस. त्यांना खिडकी बंद लागते आणि मला उघडी.”

“मग? लग्न म्हणजे दुसरं काय असतं?”

मास्तर आणि मालाखी पहिले काही दिवस फक्त खोडरबर मागण्यापुरते बोलत. मास्तर डब्यात अंड्याचे सँडविच आणत. एक मालाखीच्या पुढे सरकवत आणि म्हणत, “तत्त्व तत्त्वाच्या जागी. तू जेवला नाहीस.” हळूहळू कोण काय म्हणणार हे दुसऱ्याला आधीच कळू लागले. खिडकी अर्धी उघडी राहू लागली. चित्रे मात्र दिवसेंदिवस आटत गेली. मालाखीने हसरे तोंड काढले की मास्तरांना तेवढेच मोठे रडके तोंड काढावे लागे. अट्रॅक्टाबाई मोजून दोन्ही थोडे थोडे कापत. एका अंकात तर दोन्ही बाजू कापता कापता मधली रेषा तेवढी उरली. ती रेषा डावीकडे कलते, असे एका वाचकाने लिहून कळवले.

मतदानाआधीचा शेवटचा अंक आला. मालाखीने आपल्या अर्ध्या चौकटीत स्वयंपाकघर काढले. टेबल, टोस्ट, दोन पन्नाशीचे पुरुष. एक जाडा, बनियनवर, हीटरकडे हात करून काहीतरी बडबडतोय. दुसरा पेपर तोंडापुढे धरून ऐकत नसल्याचे सोंग करतोय. केक नाही, अंगठी नाही, इंद्रधनुष्य नाही.

मास्तरांनी कागद दिव्याखाली ओढला. “हा कॉल्म आहे.”

“हो.”

“आणि हा तू. हीटरवरून भांडताय.”

“रोज भांडतो, मास्तर.”

“याच्या विरुद्ध मी काय काढू?” मास्तर वैतागले. त्यांनी दोनदा कागद फाडला. मग खाली मान घालून एका दमात काढले: दुसरे स्वयंपाकघर, तसलेच टेबल, हीटरकडे हात करून बडबडणारी त्यांची कॅथलीन, जी जाऊन सहा वर्षे झाली होती, आणि पेपरामागे लपलेले ते स्वतः. काढून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला, कोट घातला आणि ते घरी गेले.

अट्रॅक्टाबाईंची पट्टी पहिल्यांदाच दोन्हीकडे सारखी भरली. पण ग्लिसनसाहेब अस्वस्थ झाले.

“यात बाजू कुठली कुठली ते कळत नाही. वाचकाने चिडायचं कुणावर?”

“नाही चिडला तर काय बिघडेल?”

“आणि हे ‘ते’ लोक आहेत, हे कसं समजणार? केक कुठाय?”

“युजीन, तो कॉल्म आहे. तुझ्या लग्नात त्याने वाजवलंय.”

“तेच तर म्हणतोय!” ग्लिसनसाहेब कळवळून म्हणाले. “वाद त्या लोकांचा आहे. त्यात आपल्या कॉल्मला कशाला ओढतोस?”

मालाखी अडून बसला. चित्र बदलणार नाही म्हणाला. अखेर चित्र छापले गेले. वाचकांच्या सोयीसाठी संपादकांनी फक्त खाली दोन ओळी घातल्या. उजव्या चित्राखाली ‘पती व पत्नी’. डाव्या चित्राखाली ‘घरमालक व भाडेकरू’.

त्या आठवड्यात एकही तक्रार आली नाही. भाडेकरूचा चेहरा हुबेहूब उतरलाय, असे मात्र अनेकांनी थांबवून सांगितले. कॉल्मने पेपर नीट घडी करून टेबलावर ठेवला. “चित्र छान आलंय,” एवढेच म्हणाला, आणि त्या दिवशी हीटरवरून भांडला नाही. मालाखीला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

निकाल लागला. होकाराने देश जिंकला आणि ड्रुमकॅरिकही. सगळी गल्ली दारादारांत उभी राहून टाळ्या वाजवत होती. ग्लिसनसाहेबांनी मालाखीला मिठी मारली. “मी ‘हो’च दिलं रे! अट्रॅक्टानेही! माणूस म्हणून दिलं.” मास्तरांनी काय दिले ते सांगितले नाही, फक्त सँडविचचा डबा पुढे केला. कॉल्मने भररस्त्यात मागणी घातली आणि मालाखीने जमेल तेवढे आश्चर्य दाखवले.

“कायदा अमलात आला की लगेच उरकतो,” कॉल्म मोठ्याने म्हणाला. “डिसेंबरात, इथेच, नगरभवनात. सगळ्यांनी यायचं!”

टाळ्या थोड्या विरळ झाल्या.

“इथे?” ग्लिसनसाहेबांनी आवाज उतरवला. “डब्लिनला छान हॉल मिळतात म्हणे. नाही, माझी काहीच हरकत नाही. मी तर ‘हो’ दिलंय. पण लोक काय म्हणतील?”

“कोणते लोक?”

ग्लिसनसाहेबांनी शेजारच्या दाराकडे पाहिले. तिथे खाटीक उभा होता. तो म्हणाला, “माझी काय हरकत? पण लोक...” आणि त्याने पुढच्या दाराकडे पाहिले. पुढच्या दारातल्या अट्रॅक्टाबाईंनी त्याच्या पुढच्या.

मालाखी घरी गेला आणि एका बैठकीत चित्र पुरे केले. ती गल्ली. मधोमध कॉल्म आणि तो, हातात हात घालून चाललेले, पोटासकट. दोन्ही बाजूंना दारे, प्रत्येक दारात टाळ्या वाजवून थांबलेला एक जण, आणि प्रत्येकाचे बोट शेजारच्याकडे. अगदी उजवीकडच्या माणसाला शेजारी दार उरले नव्हते. त्याचे बोट सरळ चित्राबाहेर आले होते. संपादकांना त्याने बजावले, “संतुलनाचा करार मतदानापुरता होता, तो संपला. खाली एक अक्षर घालायचं नाही.”

“हा शेवटचा कुणाकडे बोट दाखवतोय?”

“वाचकाकडे.”

“छे, वाचकाला राग येईल.”

“नाही येणार. तो मागे वळून बघेल.”

लग्न डिसेंबरात नगरभवनात झाले. अख्खे गाव लोटले. मला यायचेच होते, पण बाकीचे येतील असे वाटले नव्हते, असे प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता. चित्राचा तो अंक तर हातोहात संपला होता. आमचा शेजारी अगदी बरोबर पकडलात, अशी पत्रे घराघरातून आली, आणि घराघरातून चित्र कापून शेजारच्या दाराच्या फटीतून आत टाकले गेले.

ही गोष्ट वाचताना तुमच्याही डोळ्यांपुढे शेजारचे एखादे घर आले असेल. त्यांना जरूर नेऊन द्या. फक्त जिन्यात जपून जा. तेही हीच गोष्ट घेऊन तुमच्याकडेच यायला निघालेले असतील.