खांद्यावरचा हात

इंदापूरचे बबनतात्या मेलेल्या माणसाला विचारून त्याच्या कोटाचा रंग ठरवत. कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या चेहऱ्याला ते अदबीनं विचारायचे, "आबा, काळा घालू का निळा?" मग क्षणभर थांबायचे, मान हलवायचे आणि निळा घालायचे. आबांनी जन्मात कधी कोट घातलेला नसायचा.

तात्यांचा फोटो स्टुडिओ स्टँडाजवळ होता. लग्नाची गिऱ्हाइकं चकचकीत स्टुडिओंकडे गेली. तात्यांकडे उरली ती मयताची. दहाव्याला हार घालायला फोटो लागतो, आणि आमच्या भागात माणूस एकट्याचा फोटो काढून ठेवत नाही. मग कुणाच्या तरी हळदीच्या घोळक्यातून त्याला उचलायचं, शेजारच्यांना पुसायचं, कोट चढवायचा. "चौकटीत माणूस एकलाच पायजे," असं तात्या म्हणायचे. खांद्यावर कुणाचा हात राहिलेला त्यांना अजिबात खपत नसे.

नव्वदीची अखेर होती. मी एका मित्रासोबत बारामतीत, स्टुडिओवाल्यांसाठी फोटो दुरुस्त करायचा प्रोग्रॅम बनवत होतो. तात्या आमचे गिऱ्हाईक, त्याहून जास्त आमचे परीक्षक. फोनवर नमस्कार नाही, थेट तक्रार.

"साहेब, कोट एका बटनावर द्या. भवानीनगरची माणसं भाईर रडत बसल्यात, आन मी हितं बाह्या हुडकतोय."

किंवा, "तुमचं मशीन दर बारीला इचारतं, नक्की पुसायचं का? मयताच्या कामात असलं इचारू ने."

सगळ्यात मोठी तक्रार मागे जाण्याची. काही चुकलं तर आमच्या प्रोग्रॅममध्ये एकच पाऊल मागे घेता यायचं. "माणूस काय एकच चूक करून थांबतो व्हय?" तात्या विचारायचे. मी त्यांची नक्कल करून मित्राला हसवायचो. त्यांच्या दारातल्या बाकावर कोण बसलंय, हे मनातही यायचं नाही.

तरी एकेक मागणी पुरवत गेलो. मशीन चालू केलं की कालचा फोटो आपोआप समोर यावा, ही सोय आधीच दिली होती. हवी तितकी पावलं मागे नेणारा नवा प्रोग्रॅम घेऊन मी स्वतः इंदापूरला गेलो. शटरमध्ये सापडून वाकडी झालेली करंगळी नाचवत तात्या म्हणाले, "चढवा तुमचा प्रोग्रॅम, बघू काय दिवे लावलेत. मी च्या घिऊन येतो."

प्रोग्रॅम चढवला, तसा कालचा फोटो आपोआप उघडला. हिरव्या पातळातली, हसू दाबणारी बाई. खांद्यावर कुणा पुरुषाचा हात. तात्या यायच्या आत काम करून दाखवावं म्हणून मी उत्साहानं नवा ब्रश घेतला. करंगळीपासून सुरुवात करून अख्खा हात पुसला, तिथं पातळाचा हिरवा भरला, मागं आकाशी रंग दिला. बाई छान एकटी झाली.

तात्या चहाचे ग्लास घेऊन मागे उभे होते.

"सेव्ह केलं?" आवाज त्यांचा वाटेना.

"नाही अजून."

"मंग मागं चला."

मी बटण दाबत गेलो. आकाशी गेलं. हिरवं गेलं. मनगट आलं, बोटं आली. सगळ्यात शेवटी करंगळी आली. वाकडी.

मी तात्यांच्या ग्लास धरलेल्या हाताकडे पाहिलं.

"आमची शांता," तात्या म्हणाले. "ती गेली, तवा पुण्यानुमोदनाला पावणे म्हणले, जगाचं फोटो करतोस आन बायकूचा न्हाय? रोज बसतो करायला. हात पुसायचा आला की बंद करतो."

तात्यांनी ग्लास माझ्यापुढे सरकवला आणि पडद्याकडे वाकले.

"शांते, राग धरू नगं. सायबाला ठावं नव्हतं."

नेहमीसारखे ते थांबले. आता मान हलवतील म्हणून मी बघत राहिलो. चहावर साय धरली, तरी ते तसेच वाकून होते.