बाबुलालची बाटली आणि मातामाय

आमच्या गावात पाटील झाले, सरपंच झाले, एक पोट्टा तर पोलिसातही गेला. पण सख्ख्या मायनं ज्याच्यापुढं हात जोडून बसावं, असा माणूस आजवर एकच झाला. तो मी, लच्छू! आणि त्यासाठी मी ना तप केलं, ना उपास. फक्त तोंडाला ॲसिड लावलं.

घाबरू नका, तसलं ॲसिड नव्हे. सगळं सांगतो, पण सुरुवात मंडईपासून करावी लागेल.

दिवाळी सरली की आमच्या चांदा जिल्ह्याच्या झाडीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि जिलेबी, रात्री दंडारीचं नाटक. म्हणायला जत्रा, पण खरं काम वेगळंच असतं. लग्नाची पोरं-पोरी तिथंच एकमेकांच्या नजरेस पडतात आणि मोठी माणसं पान खाता खाता सोयरिकी जुळवतात. त्या वर्षीच्या मंडईत मीही नवा कोरा दुपट्टा खांद्यावर टाकून, केसांना चमेलीचं तेल चोपडून जिलेबीच्या दुकानासमोर उभा होतो. पलीकडे कासारापाशी गोकुळा बांगड्या भरत होती. सावली गावाकडच्या मुखरूजींची पोरगी. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं पाहिलं, आणि ती हसली. अशी हसली, की हात हलून कासाराच्या हातातली बांगडी फुटली!

लाजून हसली असती तर मी तिथंच बाशिंग बांधून उभा राहिलो असतो. पण हे हसणं पोट धरून होतं. घरी येऊन आरशात पाहिलं आणि उत्तर मिळालं. तोंडभर मुरमं. गालांवर जागा उरली नव्हती म्हणून काही कपाळावर राहायला गेली होती. त्याच दिवशी नव्या दुपट्ट्याचं एक टोकही कुठंतरी फाटून गेलं होतं. पण ज्याच्या तोंडाची ही दशा, त्यानं दुपट्ट्याचं काय रडत बसावं?

मग वर्षभर मी तोंडाची सेवा केली. बेसन लावलं, हळद लावली, आंबट ताक लावलं. शेजारच्या नीलाबाईनं चिंचेचा कोळ सांगितला, तर मुरमं तशीच राहिली आणि वर मुंग्या लागल्या. गोकुळा काही डोक्यातून जाईना. बा वारल्यावर घरात माय आणि मी, दोघंच. सोयरिकीची गोष्ट काढायला माझा मावसभाऊ बाबुलाल तेवढा होता. तो चांद्याला एका दवाखान्यात कंपाउंडर. ऐट मात्र अशी, की डॉक्टर त्याच्या हाताखाली असावा! मुखरूजींकडं त्याचं जाणं-येणं होतं. त्यानंच एक दिवस खबर आणली, की येत्या मंडईला मुखरूजी सारं घर घेऊन येणार आहेत आणि आधी आमच्याकडं उतरून पोरगा पाहणार आहेत.

मी त्याला माझं दुःख सांगितलं. पुढच्या खेपेला त्यानं एक बाटली आणली.

“यात ॲसिड आहे,” तो म्हणाला.

मी खाटेवरून उठून उभाच राहिलो. “माहं तोंड जाळतं का बे?”

“अबे, हे हलकं ॲसिड व्हय. वरची मेलेली कातडी हळूच काढते अन् बुजलेले छेद मोकळे करते. तोंड धू, पूस, कापसानं पातळ लाव. निजताना. एक दिवस आड. कातडी सुटाले लागली तं थांबजो अन् खोबरेल लावजो. औषध गरीब आहे, पन घाई केली तं चिडते.”

मायला काही सांगितलं नाही. तिला ॲसिड म्हणजे सोनाराचं तेजाब एवढंच ठाऊक. ते एकुलत्या एका लेकाच्या तोंडाला लागणार म्हटल्यावर तिनं बाबुलालला झाडूनं हाणलं असतं. म्हणून बाटली धानाच्या ढोलीत खुपसून ठेवली.

आणि काय सांगू! औषधानं गुण दिला. मुरमं सुकायला लागली, कपाळावरची तर चालती झाली. नदीवर अंघोळीला गेलो की मी पाण्यात वाकून तोंड पाहायचो. माझाच माझ्यावर जीव जडायला लागला होता. पण मंडई तोंडावर आली आणि नाकाच्या शेंड्यावर एक नवं मुरूम निघालं. लाल, टपोरं. मी विचार केला, औषध हलकं आहे म्हणतात; मग चार वेळा लावलं तरी हलकंच राहणार ना? सकाळी लावलं, दुपारी लावलं, धान मळता मळता लावलं. नाकाला लावतोच आहे, तर गालांनी काय घोडं मारलं, म्हणून सगळीकडं चोपडलं. चरचरलं तेव्हा म्हटलं, काम करतंय.

मंडईच्या दिवशी उजाडता उजाडता जाग आली, ती कडुनिंबाच्या वाऱ्यानं. माय उशाशी बसून डहाळीनं वारा घालत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

“आल्या तं आल्या माय,” ती हात जोडून म्हणाली, “पन लेकराले सांभाळून घ्या.”

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. तोंड लालबुंद, त्यावर पांढरे पापुद्रे. मायनं पाहिलं आणि तिला वाटलं, मातामाय आली. देवी निघाल्या! तिचा धाकटा भाऊ त्यातच गेला होता, त्यामुळं तिच्या भीतीला हसावं असं काही नव्हतं. तिनं दाराला निंब बांधला होता, घरातली फोडणी बंद केली होती, वहाणा अंगणाबाहेर काढल्या होत्या. आणि आमच्याकडची रीत अशी, की ज्याच्या अंगात माता आली, त्याला कोणी उलट बोलायचं नाही. तो बोलेल तो मातेचा बोल.

“माय, हे दवाई लावल्यानं झालं,” मी म्हणालो.

“हाव माय.”

“अवो, मी लच्छू व्हय!”

“हाव माय. तुमी म्हनान तसं.”

“मंग तो निंब सोड ना दाराचा.”

यावर ती हमसाहमशी रडायला लागली. माता रागावून निघाली तर माणूस सोबत नेते, असं तिनं लहानपणापासून ऐकलेलं. मी घाईनं म्हणालो, राहू दे बाई, राहू दे. तशी ती गप्प झाली. मी इतका लाचार आयुष्यात कधी झालो नव्हतो.

शेवटी म्हटलं, पुरावाच दाखवावा. “ढोलीत हात घाल, बाटली आहे,” असं सांगितलं. तिनं हात घातला, बाटली निघाली, आणि तिथं माझं उरलंसुरलं बुडालं. जी ढोली तिनं स्वतः भरली, त्यात न ठेवलेली बाटली निघाली! तिनं बाटलीला कुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवली. तेवढ्यात नीलाबाई दारातून म्हणाली, थोडं तीर्थ भेटलं असतं तं बरं झालं असतं. माय बूच काढून तिच्या ओंजळीत ओतायला गेली. मी खाटेवरून उडी मारली आणि ओरडलो, “तोंडात नाई, तोंडावर!”

नीलाबाईनं आज्ञा समजून ते कपाळाला चोळलं. औषधातलं स्पिरिट थंड लागलं, मग जरा झोंबलं. ती डोळे मिटून डोलायलाच लागली. पाहता पाहता अंगणात अख्खी आळी गोळा झाली आणि बाबुलालची बाटली कपाळाकपाळांवर रिकामी झाली.

अशात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. मुखरूजींची गाडी! मी फटीतून पाहिलं. त्यांनी दाराचा निंब पाहिला, गाडीतून उतरून वहाणा काढल्या, दुरूनच हात जोडले आणि बैलांची तोंडं मागं फिरवायला घेतली. पोरगा पाहायला गेलो आणि घरात माता निघाली, असा अपशकुन झाल्यावर ती सोयरीक पुन्हा कोण काढणार? गाडी वळली की गोकुळा गेली!

मी घोंगडीसकट धावलो आणि बैलांपुढं आडवा उभा राहिलो. केसांत निंबाचा पाला, तोंडाचे पापुद्रे वाऱ्यावर. मुखरूजी धुळीत आडवे झाले. “माय, काय हुकूम?”

देवाशपथ सांगतो, मी खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं. पण असा सासरा पायाशी पडलेला पुन्हा कधी मिळणार? तोंडून निघून गेलं, “गोकुळा ह्याच घरात देजा.”

“देल्ली, माय,” मुखरूजी म्हणाले.

झालं, सोयरीक जमली! मागं माय आनंदानं रडत होती, बायका हात जोडून उभ्या होत्या. मी मनातल्या मनात वाजंत्री ठरवत होतो. तेवढ्यात गाडीतून गोकुळा उतरली. पदर नाकावरून खाली ओढलेला. माझ्याजवळ आली आणि तिनं हवेत दोनदा वास घेतला.

“बाबा, उठा,” ती म्हणाली. “मातामाईले स्पिरिटचा वास येत नाई.”

मुखरूजी उठले. आधी धूळ झटकली, मग माझ्याकडं पाहिलं, मग बैल हाकायची काठी उचलली. देवीच्या नावानं सोंग करतोस, म्हणाले. मी तिथंच रस्त्यात सगळं ओकलो. मुरमं, बाटली, ढोली, घाई, सगळं. हुकमाचंही कबूल केलं. काठी काही खाली येईना. ते गोकुळेला म्हणाले, गाडीत बस. मग एकदम थबकले.

“पन तुले वास कसा समजला वो?”

गोकुळेनं मान खाली घातली. अंगठ्यानं माती उकरत राहिली. मग तिनं हळूच पदर वर केला. नाक लाल, हनुवटीवर पापुद्रे. माझ्याच तोंडाची धाकटी बहीण!

“बाबुलालभाऊनं मलेबी देल्ली,” ती म्हणाली. “पोरगा पाहाले जायचं होतं. म्हून मीबी घाई केली.”

मुखरूजींनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा तिच्याकडं पाहिलं. काठी खाली आली आणि त्यांची मिशी हलायला लागली. “ह्या बाबुलालनं दोन्ही घरचे तोंडं सोलून ठेवले,” म्हणाले, आणि खो खो हसत आमच्या अंगणात येऊन बसले. मायला मात्र निंब उतरवेपर्यंत फोडणी चालत नव्हती, म्हणून पाहुण्यांनी सोयरिकीचं पहिलं जेवण फोडणीशिवायच्या दही-भातावर उरकलं. नंतर ती मातामाईच्या ठाण्यावर नारळ फोडून आली. तिचं म्हणणं आजही तेच आहे. माता आली, सोयरीक जमवून गेली. मीही आता वाद घालत नाही.

उन्हाळ्यात लग्न झालं. पुढची बाटली आम्ही दोघांनी मिळून वापरली, एक दिवस आड, पातळ लावून, आणि दोघांचीही तोंडं चांगली निघाली. एकदा असंच आरशात पाहता पाहता मी गोकुळेला म्हणालो, त्या पहिल्या मंडईत माझ्या मुरमांना इतकी हसली नसतीस, तर माझ्या हातून हे काही झालंच नसतं.

“मुरमं?” ती म्हणाली. “ते तं मी पाह्यलेच नाई. तुमच्या मांगं बकरी उभी होती. तुमी ऐटीत जिलेबी खाऊन राह्यले होते, अन् थे तुमचा दुपट्टा खाऊन राह्यली होती.”